भांडण मधी घेणारा बाबालाल

बाबालाल मणेराचा आवाज आधी येतो, माणूस मागून. शिवाजी पेठेत माझी खोली त्याच्या घरासमोर आहे. सकाळी मी चूळ भरत उभा असतो, तेव्हा तो आत भांडत असतो. कधी बायकोशी, कधी म्हशीशी. मग काकणांचे घोस खांद्यावर टाकून लंगडत बाहेर येतो.

"काय मास्तर, उठलासा का अजून पुस्तकातच हाईसा?"

मी नेसरीचा. शिकायला कोल्हापुरात आलो, बी.ए. झालो, आता एका शाळेत मराठी शिकवतो. बाबालाल चाळिशीचा. मी त्याला चाचा म्हणतो. पण त्यानं मला पहिल्याच आठवड्यात दोस्त करून टाकलं, म्हणून इथं त्याच्याविषयी 'तो' असंच लिहितो.

त्याचे दोन्ही कान फुटलेले आहेत. पैलवानाचे कान. बोटं जाड, आखूड. त्या बोटांत काचेचं काकण एवढंसं दिसतं. तरी पेठेतल्या बायका सांगतात, बाबालालभाई काकण भरतो तेव्हा हाताला कळतसुद्धा नाही. बाप-आजे हाच धंदा करत. बाप प्लेगच्या सालात गेला. बाबालाल काही दिवस पेठेत फिरतो, मग मुरगूडपर्यंतची गावं करतो.

तरुणपणी मात्र तो फक्त कुस्ती खेळला. महाराज गादीवर आले त्या साली पेठेत त्याच्या तोडीचा गडी नव्हता, असं जुने लोक सांगतात. त्याला सरकारी खुराक लागणार हे सगळे धरून चालले होते. खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम सरकारातून. पैलवानानं मेहनत करायची, पोटाची काळजी करायची नाही. पुढच्या साली एका कुस्तीत त्याचा गुडघा मोडला. हाडवैद्यानं बसवला, तो वाकडा बसला. बाबालालनं काकणं खांद्यावर घेतली.

तालीम त्यानं सोडली नाही. रोज संध्याकाळी तो हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीच्या कडेला बसतो. पोरं झटतात. झटता झटता घसरत कडेला येतात, मातीबाहेर जातात. तेव्हा पंचानं दोघांच्या पाठीवर थाप मारायची आणि त्यांना परत मधोमध आणून उभं करायचं, अशी रीत आहे. बाहेर कुणी कुणाला उताणं पाडलं तरी ते धरत नाहीत. आमच्या तालमीत हे काम बाबालालचं. "मधी घ्या," तो म्हणतो आणि थापटतो.

ही रीत त्यानं हौद्यातून उचलली आणि घरीदारी लावली. मी ती पहिल्यांदा पाहिली त्याच्याच ओट्यावर. शेजारच्या धोंडुबाई पदरात फुटलेल्या काकणांचे तुकडे घेऊन आल्या होत्या.

"बाबालाल, परवा भरलीस, आन् समदी वाढली की रं."

"धोंडुबाई, सुनंवर हात उगारायचा सोडा. काकणं ऱ्हातील."

"माझ्या सुनंचं तुला काय करायचं रं मुडद्या? तुझा बाप बी असलाच लबाड व्हता."

दोघांचा आवाज चढला. बाबालालनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली वाकून तळहातानं ओट्यावर दोनदा थापटलं.

"गेलो भाईर," तो म्हणाला. "म्याच गेलो आदी. मधी घेतो. काकणं दावा."

त्यानं एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. प्रत्येक काकण एकाच जागी फुटलं होतं, काच जिथं सांधतात तिथं.

"सांधा कच्चा हाय," तो म्हणाला. "मालच वंगाळ आलाय. हात पुढं करा."

त्यानं नवी भरली. धोंडुबाई हात पुढे धरून गुरगुरत होत्या.

"आन् माझ्या सुनंचं बोललास त्ये?"

"त्ये भांडण येगळं. करायचं तर येगळं करू. त्यात मी जितीन."

त्या उठून गेल्यावर मी त्याला त्या थापटण्याचं विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारलं.

"कुस्तीत गडी कडंला कवा जातो, मास्तर? हातातला डाव सुटला की. बोलण्यात बी तसंच हाय. काकणाचं उत्तर सुचंना, म्हणून मी सुनंवर गेलो. धोंडुबाईला लबाडी दावता ईना, म्हणून ती माझ्या बापावर गेली. दोगं बी भाईर. भाईर कोण बी कुणाला पाडंल. त्येला काय अर्थ?"

तर्कशास्त्राच्या पुस्तकात मी हा दोष वाचला होता. मुद्द्याला उत्तर न देता मुद्दा मांडणाऱ्यावर बोलणं. परीक्षेत त्यावर लिहिलंही होतं. तो दोष आपला आपल्याला भर भांडणात दिसतो आणि माणूस तिथंच थांबतो, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं. पण ती नुसती काकणं होती. त्या थापटण्याला किती किंमत पडू शकते ते मला यंदाच्या चैत्रात कळलं.

बाबालालचा थोरला मुलगा इलाही. एकोणीस वर्षांचा, बापासारखाच रुंद, बापापेक्षा उंच. त्याची कुस्ती मुरगूडच्या जोतीरामशी ठरली. जोतीराम शेतकऱ्याचा पोरगा, अंगानं हलका, पायानं चपळ. जो जिंकेल त्याला सरकारी खुराक लागणार होता.

खुराक म्हणजे काय ते मला समोरच्या घरात रोज दिसत होतं. म्हशीचं दूध इलाहीचं, ताक बाकीच्यांचं. बदामापायी सलिमाचाचीच्या पायांतले चांदीचे तोडे गेले. सलिमाचाची म्हणजे बाबालालची बायको. ती कुणापाशी रडगाणं गात नाही. मला एकदाच म्हणाली, "खुराक लागला की म्हशीचं दूध पोरींस्नी देणार." दोन धाकट्या मुली तेव्हा तिथंच बसल्या होत्या. त्यांचे हात काड्यांसारखे होते.

मैदान पेठेबाहेरच्या माळावर होतं. तिथली जमीन पांढरी, पाऊल टाकलं की फुफाटा उडतो. मधोमध तांबडी माती गाड्यांनी आणून पसरलेली. तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती मऊ केलेली. मुलाची कुस्ती म्हणून बाबालाल त्या दिवशी पंच नव्हता. पंच होते गणपतराव, आमच्या तालमीचे वस्ताद. कडक माणूस. जाणूनबुजून खोटा निकाल देतील असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही.

मी आणि बाबालाल एका कडेला बसलो. इलाहीचा सदरा बाबालालच्या मांडीवर होता. हलगी वाजत होती. दोघांची खडाखडी, हाताला हात भिडवून अंदाज घेणं, बराच वेळ चालली. मग इलाहीनं वाकून पाय धरत पट काढला, जोतीराम निसटला, दोघे झटत समोरच्या कडेला गेले. तिथं माणसं उठून उभी राहिली. आम्हांला पाठीच दिसल्या. एकदम धप्प आवाज झाला. गणपतरावांनी धावत जाऊन पाहिलं. इलाही वर होता, जोतीराम उताणा. गणपतरावांनी हात वर केला.

पेठेतल्या पोरांनी इलाहीला खांद्यावर घेतलं. बाबालालनं सदरा तोंडाला लावला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा रडताना मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मुरगूडच्या बाजूनं एक माणूस ओरडत मातीत शिरला.

"निकाल खोटा हाय. पंच पेठेचा, पैलवान पेठेचा. आमी काय हितं शेण काढाय आलाव?"

हा आकाराम, जोतीरामचा चुलता. त्यानं एका हातानं जोतीरामचा दंड धरला होता. दारूचा वास माझ्यापर्यंत आला. धान्याच्या चोरीत तो तुरुंगात जाऊन आला होता, हेही मैदानाला ठाऊक होतं. लोक त्याची वाटच पाहत असल्यासारखे तुटून पडले.

"आकाराम, उतरू दे, मग बोल."

"तुरुंगात लई कुस्त्या बगितल्यास व्हय रं?"

"पावणं, खिसं सांबाळा, आकाराम आलाय."

आकाराम गणपतरावांच्या खानदानावर घसरला. गणपतराव लाल झाले. कुणीतरी काठी उचलली. हलगीवाला मागे सरला.

बाबालाल उठला. लंगडत मातीच्या कडेशी गेला, वाकला, आणि तळहातानं तांबड्या मातीवर दोनदा थापटलं. ते थापटणं मला ओळखीचं होतं.

"आकाराम," तो म्हणाला, "पंच कुणाचा त्ये सोड. भाईर चाललास तू. काय झालं त्ये बोल."

आकाराम थबकला. त्याला इतक्या वेळात कुणी हे विचारलंच नव्हतं.

"खांदा भाईर पडला," तो म्हणाला. "डावा. तांबड्या मातीत न्हाय पडला."

गणपतराव हसले. "ह्येच्या शब्दावर मी निकाल फिरवू? सकाळपास्नं झिंगलाय ह्यो. दाणं चोरणारा माणूस."

लोकही हसले. बाबालालनं परत थापटलं.

"गणपतराव, आता तुमी गेलासा भाईर."

"मी?"

"त्येचा शब्द घेऊ नगासा. शब्दाचं म्हणाल तर मी बी घेणार न्हाय. पेलेला माणूस, त्यात पोराचा चुलता. साक्ष द्यायला माणूस आला तर माणूस बगावाच लागतो." तो आकारामकडे वळला. "शब्दाबिगर काय हाय तुज्याकडं?"

आकारामनं जोतीरामला गर्रकन फिरवलं. "पाठ हाय की. बगा. कुणाला हात लावू दिलेला न्हाय मी तिला."

"ही झाली मधली गोष्ट," बाबालाल म्हणाला. "आता ह्यो चोर आसू दे, पेलेला आसू दे. पाठ काय दारू पेलेली न्हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. जोतीरामचा उजवा खांदा तांबडा होता. डाव्या खांद्याच्या फऱ्यावर घामाला चिकटलेला पांढरा फुफाटा होता. मी लांबून पाहिला. स्पष्ट दिसत होता.

गणपतराव जवळ गेले. त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "उठताना लागला आसंल."

बाबालालचा चेहरा बदलला. मला वाटलं त्याला सुटका दिसली. पण तो बोलला ते वेगळं होतं.

"हां. आसं बोला," तो म्हणाला. "ह्ये हुईल. ह्ये बगाय पायजे."

तो जोतीरामभोवती फिरला. छाती पाहिली, कोपरं पाहिली, खाली बसून गुडघे पाहिले. वाकडा पाय बाजूला पसरून बसावं लागतं त्याला. त्यानं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. 'व्हय, उठतानाच लागला' असं म्हटलं असतं तर त्याला कुणी काही विचारलं नसतं. इलाही पोरांच्या खांद्यावरून खाली उतरून बापाकडे बघत होता.

बाबालाल उठला.

"छाती तांबडी. कोपरं तांबडी. गुडघं तांबडं," तो म्हणाला. "उठताना गडी आत पालथा झालाय. भाईर लागलं त्ये पडतानाच लागलं."

आवाज नेहमीसारखाच मोठा होता. हातातला सदरा मात्र त्यानं पिळून काढल्यासारखा धरला होता.

मग सगळे त्याच्यावर उलटले. आमच्या पेठेचेच लोक.

"बाप हाय का वैरी?"

"मुरगूडकरांनी काय चारलं रं मणेरा?"

"काकणं भरायची सोडून पंचाईत कराय आलाय. त्येला काय कळतंय कुस्तीतलं."

हे शेवटचं ज्यानं म्हटलं तो बाबालालच्या हाताखालीच कुस्ती शिकला होता. बाबालालनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चारलं आसंल," तो म्हणाला. "उद्या घरी येऊन झडती घ्या. आज पाठ बगा."

गणपतरावांनी परत वाकून त्या खांद्यावरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "फुफाटा हाय." त्यांनी इलाहीला हाक मारली. दोघांच्या पाठीवर थाप मारली आणि त्यांना मधोमध आणून उभं केलं.

दुसऱ्या वेळी जोतीरामनं ढाक मारली. इलाही मधोमध, तांबड्या मातीत, दोन्ही खांद्यांवर पडला. शंकेला जागा नव्हती. खुराक जोतीरामला लागला. आकाराम बाबालालपाशी येऊन उभा राहिला. बाबालाल म्हणाला, "जा, पोराच्या आंगावर पाणी घाल."

आम्ही तिघे बाबालालच्या घरी आलो. दिवे लागायची वेळ होती. वाटेत पेठेतल्या एकाही माणसानं बाबालालला हाक मारली नाही. आपल्या दारात धोंडुबाई उभ्या होत्या, त्याही आत गेल्या. बातमी आमच्या आधी पोचली होती.

सलिमाचाचीनं इलाहीसमोर दुधाचा पेला ठेवला, आम्हांला भाकरी वाढली. मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. घरात ती माणसं आपली बोली बोलतात, मी असलो की मराठी. त्या दिवशी इलाहीनं मराठीतच सुरुवात केली. मी ऐकावं असं त्याला वाटत असावं.

"अब्बा, एक इचारू?"

"इचार की."

"तुमचा गुडगा मोडला. तुमचा खुराक गेला. तवापास्नं तुमाला कुणी जितलेला बगवत न्हाय. माझं बी बगवलं न्हाय. ह्ये खरं का न्हाय?"

सलिमाचाचीचा हात परातीत थांबला. मला उठून जावंसं वाटलं. दिवसभरात बाबालालला लोकांनी जे म्हटलं ते सगळं मिळून या एका वाक्याएवढं झालं नसतं. कारण हे घरातल्या माणसानं शोधून काढलेलं होतं, आणि ते अगदीच खोटं आहे असं मलाही सांगता आलं नसतं. हौद्याच्या कडेला बसलेल्या बाबालालचा चेहरा मी पाहिला आहे. एखादा पोरगा चांगला डाव मारतो तेव्हा त्या चेहऱ्यावर आनंदाबरोबर आणखीही काहीतरी येतं.

आता तो ओरडेल, असं मला वाटलं. किंवा थापटेल. दोन्ही झालं नाही.

"आसंल," तो म्हणाला.

तो भाकरीकडे बघत होता. पुढचं त्यानं अगदी हळू सांगितलं. इतका हळू आवाज त्याला काढता येतो हे मला माहीत नव्हतं.

"मला बी ठावं न्हाय, इलाही. माणसाच्या पोटात काय आसतं त्ये त्येचं त्येला कळत न्हाय. तू म्हणतोस त्ये आसंल. मी बगीन त्ये. तुज्यापाशी कबूल बी करीन." मग त्यानं मान वर केली. "पर माझ्या पोटात जळतंय म्हणून त्येच्या पाठीवर फुफाटा येत न्हाय. त्यो व्हता का न्हवता?"

एक मुलगी खोकली. तिला आईनं जवळ ओढलं.

"व्हता," इलाही म्हणाला.

"तुला दिसला? पाठ फिरवली तवा?"

"न्हाय. आदीच." इलाहीनं उजवा तळहात उघडून बापापुढे धरला, जणू अजून त्याला फुफाटा लागलेला होता. "खांदा दाबून धरला तवा हाताखाली आला. कोरडा. मला कळलं, ह्यो भाईर हाय."

म्हणजे मैदानात हे आणखी एका माणसाला ठाऊक होतं. त्याला खांद्यावर घेऊन पोरं नाचत होती.

मी बाबालालकडे पाहिलं. आता त्याच्या हातात सगळं होतं. लबाड म्हणता आलं असतं. माझ्या पोटात जळतं म्हणतोस आणि तू काय केलंस, असं विचारता आलं असतं. मी असतो तर विचारलंच असतं, आणि त्या एका वाक्यानं आधीच्या घावाची परतफेड केली असती. शब्द त्याच्या ओठांपर्यंत आलेले मला दिसले. फुटलेले कान लाल झाले होते.

त्यानं ते शब्द गिळले.

"मग तूच सांगितलंस की आता," तो म्हणाला.

इलाहीनं दुधाचा पेला उचलला. पिईल असं वाटलं. त्यानं तो धाकट्या बहिणीपुढे ठेवला. ती आईकडे बघू लागली, आई बाबालालकडे.

"पी," बाबालाल म्हणाला, "दोगी मिळून प्या." मग नेहमीच्या आवाजात, पार गल्लीत ऐकू जाईल असं, "आन् सकाळच्याला तालमीत कोण जाणार हाय का झोपून ऱ्हाणार?"

"जातो की," इलाही म्हणाला.

मी माझ्या खोलीवर आलो. दिवा लावला नाही. समोरच्या घरात बाबालाल आणि सलिमाचाची म्हशीवरून भांडू लागली होती.